वाचून दाखवण्याची मजुरी

महाविद्यालयात असताना माझ्या नावापुढे दीड वर्ष ‘पुस्तके पुसणे व लावणे’ असे काम लिहिले जात होते. प्रत्यक्षात मी एकाही पुस्तकावरची धूळ झटकली नाही. ‘कमवा व शिका’ योजनेच्या आमच्या छापील तक्त्यात बागकाम, प्रयोगशाळा, कार्यालय आणि ग्रंथालय एवढेच रकाने होते. मी करत होते ते काम त्यांतल्या कशातच बसत नव्हते, म्हणून ग्रंथपाल सरांनी ते ग्रंथालयाच्या रकान्यात सरकवून दिले. रोज दुपारी दोन तास मी एका अंध विद्यार्थिनीला तिची अभ्यासाची पुस्तके वाचून दाखवत असे.

ही गोष्ट २००५ सालची. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळून जेमतेम वर्ष झाले होते. त्याआधी आमची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली कमवा आणि शिका ही कल्पना एव्हाना ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत पोहोचली होती, पण काम म्हणजे हातांनी करायचे, घाम दिसेल असे काम, ही समजूतही तिच्याबरोबरच आली होती. बागेत खुरपणी केली तर मोबदला देणे कुणालाही पटत असे. बसून पुस्तक वाचले तर त्यात काम ते कोणते, असे कार्यालयातल्या लोकांना मनापासून वाटे.

माझ्या घरी मात्र हा प्रश्न कुणाला पडला नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे पद्मशाली, म्हणजे विणकर. वडील चादरीच्या मागावर जात आणि अम्मा घरी विड्या वळत असे. तिची मजुरी हजारावर ठरलेली होती. कारखान्यात नेऊन दिलेल्या विड्या तपासल्या जात आणि ज्या पसंत पडत नसत त्यांचे पैसे मिळत नसत. मला वाचण्याचे पैसे मिळणार आहेत हे ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो, “पानाला किती?” आमच्या घरात पान म्हणजे तेंदूचे पान, त्यामुळे ती पुस्तकाच्या पानाविषयी विचारते आहे हे मला जरा उशिराच कळले. पानावर नाही, तासावर, असे मी सांगितले. त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “आणि खराब वाचलीस तर कापतात का?” मी हसले होते. त्या प्रश्नाकडे मला पुढे पुन्हा पुन्हा वळावे लागले.

जिला वाचून दाखवायचे ती माझ्या एक वर्ग पुढे आणि वयाने चार वर्षांनी मोठी होती. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातून ती आली होती आणि तिच्या घरी कन्नड व मराठीची सरमिसळ चाले. पहिल्या दिवशी मी तिला ताई म्हटले, तर ती म्हणाली, “आपल्याकडं अक्का म्हणतात की.” तेव्हापासून ती अक्का. तेलुगूत आणि कन्नडात थोरल्या बहिणीला हाच शब्द आहे आणि सोलापूरच्या मराठीने तो केव्हाच आपलासा केलेला आहे, त्यामुळे आम्हा दोघींनाही तो परका वाटला नाही.

अक्का दहावीपर्यंत अंधशाळेत शिकलेली होती. तिथे तिला ब्रेलमधली क्रमिक पुस्तके मिळाली. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरली आणि त्यामुळे मराठी शिकलेल्या बोटांना हिंदीसाठी वेगळी लिपी शिकावी लागत नाही, हे मला तिच्याकडूनच कळले. ब्रेलच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटा करून डावीकडून उजवीकडे वाचायचे, हेही मी तिच्या शेजारी बसूनच पाहिले. पण बी. ए.ला आल्यावर ब्रेलमधली पुस्तके संपली. इतिहास आणि राज्यशास्त्र हे तिचे विषय, त्यांची जाडजूड संदर्भपुस्तके फक्त छापील, आणि ग्रंथालयात तिच्या नावावर पुस्तक दिले तरी ते उघडून द्यायला दुसऱ्याचे डोळे लागणार. ते डोळे पुरवण्याची व्यवस्था महाविद्यालयात नव्हती. ग्रंथपाल सरांच्या मनात आले म्हणून ती झाली, एवढेच.

पहिला आठवडाभर मी झपाझप वाचले. शाळेत माझे वाचन चांगले म्हणून कौतुक झालेले होते आणि त्याचा थोडा तोरा होता. चौथ्या की पाचव्या दिवशी अक्काने हात वर करून मला थांबवले आणि विचारले, “तू वाचून दाखवालीस का वाचून टाकालीस?” मला राग आला. मग तिने शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. प्रकरण सुरू होताना पानाचा क्रमांक सांगायचा, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री तिला तेच पान पुन्हा मागायचे असते. अवतरण कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे सांगायचे, नाहीतर लेखकाचे मत आणि त्याने खोडून काढलेले मत एकच वाटते. परकी नावे एकदा अक्षरे फोडून सांगायची. तळटीप आली तर ती आता हवी की प्रकरण संपल्यावर, हे विचारायचे; आपणच ठरवून गाळायची नाही. तक्ता आला तर आधी आडव्या-उभ्या रकान्यांची शीर्षके सांगायची आणि मग आकडे. आणि वाचणाऱ्याला जांभई आली तर वाचन थांबवायचे, कारण जांभई देत वाचलेले वाक्य ऐकणाऱ्याच्या डोक्यातही झोपूनच राहते. माझ्या वाचनाला तेलुगूचा हेल होता. तो तसाच राहू दे, म्हणाली, पण पूर्णविराम गिळू नको.

हे सगळे ती मला बिनदिक्कत सांगू शकली. तिच्या बोलण्यात आर्जव नव्हते की संकोच नव्हता. एखादी शिंप्याला सांगते, बाही दोन बोटे कमी कर, तसे ते सांगणे होते. तेव्हा मला तो तिचा स्वभाव वाटला. दुसरेही काही कारण होते, ते कळायला दीड वर्ष जावे लागले.

दोन तास पुरेनात, तेव्हा आम्ही कॅसेटी भरायला सुरुवात केली. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. मी घरी रात्री वाचून भरायची आणि ती वसतिगृहात ऐकायची. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून मागांचे कारखाने होते आणि त्यांची खटखट रात्री उशिरापर्यंत चाले. पहिली कॅसेट ऐकून अक्का म्हणाली, राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या मागे कुणीतरी टॉवेल विणतंय. यावर तोडगा निघाला तो अगदी आमच्याच काळातला. तेव्हा भारनियमन जोरात होते आणि वीज गेली की माग एकदम थांबत. गल्लीत अशी शांतता पसरे, की अम्माच्या कात्रीने पान कापल्याचा आवाज ऐकू येई. एरवी वीज गेली की लोक शिव्या देत. आम्ही मात्र भारनियमनाचे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवले होते. टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालायचे, मेणबत्ती लावायची आणि वीज येईपर्यंत वाचायचे. वीज आली की माग सुरू, की माझे वाचन बंद. सेलचे पैसे मात्र कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. (दिव्यांगांसाठी पुस्तकाच्या अशा सुलभ प्रती करण्याला कॉपीराइट कायद्यात स्पष्ट मुभा २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली. आमच्या कॅसेटी त्याच्या कितीतरी आधीच्या, आणि आता त्यांवर बुरशी चढलेली आहे, तेव्हा कबूल करायला हरकत नाही.)

नकाशांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र वाचून सुटणारा नव्हता. मराठ्यांच्या मोहिमा नकाशाशिवाय समजत नाहीत आणि ‘वर डावीकडे, मग थोडे खाली’ असे सांगून नकाशा उभा राहत नाही. एका रविवारी मी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर महाराष्ट्र काढला आणि विडी बांधायचा अम्माचा दोरा खळीने चिकटवून सीमा आणि नद्या केल्या. नद्यांना एकपदरी, सीमेला तिपदरी दोरा. किल्ल्यांच्या जागी मसुराचे दाणे. सोमवारी अक्काने तो पुठ्ठा मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. तिचे बोट भीमेवरून सरकत सरकत एका वळणावर थांबले. “हितं पंढरपूर?” तिने विचारले. चंद्रभागा हे नाव तिला लहानपणापासून ठाऊक होते, पण नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणजे काय होते, हे तिला त्या दिवशी बोटाला कळले. मग तिने सीना शोधली, ती भीमेला कुठे मिळते ते चाचपले आणि म्हणाली, “आमचं गाव या संगमाच्या पुढं कुठंतरी असणार. दाणा दे एक.” त्या नकाशावर रायगड, राजगड आणि प्रतापगड यांच्या बरोबरीचा चौथा मसूर तिच्या गावाचा होता.

मार्चमध्ये परीक्षा आली आणि मी तिची लेखनिक झाले. कागदोपत्री लेखनिक, मुलांच्या तोंडी रायटर. मी तिच्या खालच्या वर्गात होते म्हणून चालून गेले. सोलापूरचा मार्च, पत्र्याच्या छपराची वेगळी खोली, एक पर्यवेक्षक आणि आम्ही दोघी. ती सांगेल ते मी लिहायचे. तिसऱ्या पेपरला ती एका प्रश्नात अडली. तिने तहाचे साल चुकीचे सांगितले. मला बरोबर साल माहीत होते, कारण ते प्रकरण मीच तिला दोनदा वाचून दाखवले होते, एकदा दिवसा आणि एकदा मेणबत्तीत. मी बरोबर साल लिहिले. शिवाय तिचे एक वाक्य अर्धवट वाटले, ते माझ्या मनाने पुरे केले. उत्तर संपल्यावर तिने नेहमीप्रमाणे वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. ती ऐकत होती, आणि त्या वाक्यापाशी तिने मान वर केली.

“हे मी नाही सांगितलं.”

मी कुजबुजत म्हटले, अक्का, साल चुकलं होतं. पर्यवेक्षक दाराशी उभे होते. तिने अगदी हळू आवाजात सांगितले, “खोड. मी सांगितलं ते लिही.” मी खोडले आणि चुकीचे साल लिहिले. बाहेर आल्यावर ती जिन्यावर बसली आणि जे बोलली ते मी आयुष्यात विसरणार नाही, असे लिहायचा मोह होतो. खरे तर नेमके शब्द विसरले आहे. आशय असा होता, की मी तिला दोन गुण दिले नव्हते, तिच्या हातातून पेपर काढून घेतला होता. चूक करण्याचा अधिकारही आपल्याकडे ठेवायचा आणि तिला फक्त बरोबर असू द्यायचे, ही मदत नव्हे. आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती मात्र शब्दशः आठवते, “तुला पैसे मिळतात ते बरंय. फुकट करत असतीस तर मला रागावता आलं नसतं.”

पुढच्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची जत्रा उरकली त्या सुमारास, आमच्या योजनेचा निधी आला नाही. का आला नाही ते कुणी सांगितले नाही. महाविद्यालयाने मुलांना सांगून टाकले, की काम बंद. बागकाम बंद झाले तर फार तर गवत वाढते. अक्काचे तिसरे वर्ष होते आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. मी अर्थातच म्हटले, पैशांचे काय एवढे, मी तशीच वाचते. ती नको म्हणाली, मग हो म्हणाली. आणि त्यानंतर तिचा आवाज बदलला. “तुला वेळ असेल तर”, “कंटाळली नसशील तर”, “राहू दे, कळलं मला.” मी पूर्णविराम गिळले तरी ती काही बोलेना. तळटीप मागेना. एकदा मी मुद्दाम एक परिच्छेद गाळून पाहिला. तिच्या कपाळावर आठी आली, पण तोंडातून शब्द आला नाही. दीड वर्ष जी मला शिंप्याला सांगावे तसे सांगत होती, ती आता पंगतीत वाढणाऱ्यापुढे हात आखडून बसलेल्या पाहुण्यासारखी झाली होती. मी तीच, पुस्तक तेच, तास तेच. मधून फक्त ती फुटकळ रक्कम गेली होती, जी अम्माच्या मजुरीच्या आसपासही कधी नव्हती.

अम्माला मी हे सांगितले तेव्हा ती विडीचे तोंड नखाने दाबत होती. ती म्हणाली, मग तिच्याकडून काहीतरी घे. काय घेणार, असे मी विचारले, तर म्हणाली, तुझे मराठी सुधारून घे. हा टोला बरोबर बसला. घरी तेलुगू बोलल्यामुळे मी बोलताना सर्रास ‘तो पुस्तक’ आणि ‘ती दगड’ म्हणत असे, आणि शिक्षक व्हायचे तर हे चालणार नव्हते. अक्काने हा सौदा ऐकला आणि ताबडतोब अटी घातल्या. तासाला तास. हिशेब तिच्याकडे. हिशेबासाठी अम्माने विडीच्या दोऱ्याचा एक लांब तुकडा दिला. मी एक तास वाचले, की अक्का त्याला एक गाठ मारी. तिने मला एक तास बोलायला लावून माझी लिंगे-वचने दुरुस्त केली, की एक गाठ सोडी. दुसऱ्याच दिवशी तिने हात वर करून मला थांबवले आणि म्हणाली, “परत वाच. हे टाकलेलं वाचन हाय.” मला इतके बरे वाटले, की मी तेच पान दोनदा वाचले.

ती आता एका बँकेत आहे. तीन गाठी अजून सुटायच्या राहिल्या आहेत, असे ती फोनवर सांगते.

मी ग्रंथपाल झाले. सोलापुरातच, एका महाविद्यालयात, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सहायता कक्षाचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मधल्या काळात कायदा बदलला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाच्या सात प्रकारांची नोंद होती, नव्यात एकवीस आली. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा राखीव झाल्या. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देणे ही कुणाच्या भलेपणावर अवलंबून असलेली गोष्ट राहिली नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान वीस मिनिटे जादा दिली, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा झाला. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावे, असे त्या सूचनांत होते. आणि परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक दिला तर त्याला दोन दिवस आधी भेटून पारखून घेण्याची मुभा उमेदवाराला त्यांनी दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात आणखी एक दार उघडले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या त्या उमेदवाराला किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा निकष पुढे करून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितले, की लेखनिकाची सोय तेवढ्या टक्केवारीपुरती अडवून ठेवता येणार नाही.

कागदावर हे सगळे चांगलेच आहे, आणि कागद नसता तर माझ्यासारखीला कुणापुढे जाऊन काही मागताही आले नसते. पण ‘एक पायरी खाली’ या तीन शब्दांपायी दर परीक्षेला माझी काय धावपळ होते ते मलाच ठाऊक. तृतीय वर्षाच्या मुलासाठी खालच्या वर्गातला लेखनिक हवा, तर त्याची स्वतःची परीक्षा त्याच आठवड्यात असते. मग शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात जायचे, तिथल्या मुलामुलींना गाठायचे, त्यांच्या पालकांना पटवायचे. चार तास दुसऱ्याचा पेपर लिहून आमच्या पोराला काय मिळणार, असे एक वडील मला विचारत होते. त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. ते मागावरच काम करणारे होते. मी म्हटले, मानधन मिळेल, आणि मुलाला वेळेत पैसे द्यायची जबाबदारी माझी. ते लगेच तयार झाले. पुण्य मिळेल असे सांगितले असते तर ते नमस्कार करून निघून गेले असते, आणि ते बरोबरच होते.

पुण्याच्या हिशेबाने काय होते तेही मी पाहिले आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तास सेवा करायची असते, आणि ही मुले खरोखर मनाने चांगली असतात. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात व्हीलचेअरवर बसणाऱ्या एका मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. चार स्वयंसेवक त्याला खुर्चीसकट उचलून रोज वर नेत आणि खाली आणत. त्याची छायाचित्रे निघाली, ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी चौघांचा सत्कार झाला, त्या मुलालाही व्यासपीठावर बसवले. नंतर तो मला म्हणाला, मॅडम, रोज जिन्याच्या वळणावर मी डोळे मिटून घेतो. आणि पाणी पीत नाही, कारण मध्ये लघवीला जायचे तर पुन्हा चौघांना बोलवावे लागेल. मी त्याला विचारले, हे तू कुणाला सांगितले का नाहीस? तो म्हणाला, इतकं करतात, त्यांना काय सांगायचं?

तो वर्ग तळमजल्यावर आणायला वेळापत्रकात तीन अदलाबदली कराव्या लागल्या. एका प्राध्यापकांची नाराजी पत्करावी लागली. एकूण काम एका दुपारचे होते. मग त्या चार स्वयंसेवकांना दुसरे काम दिले. दाराशी असलेला उतार मोजायला सांगितले. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे उताराचे मान. त्या उताराला निम्मीही लांबी नव्हती, म्हणजे तो उतार नसून घसरगुंडी होती. मुलांनी टेप लावून मापे घेतली, आकृती काढली आणि अर्ज लिहिला. ते काम फोटोत दिसत नाही. पण १२० तासांतले आठ तास त्या मापांत गेले आणि माझ्या मते तेच खरे कारणी लागले.

वाचनाचे काम आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केला आणि तो फुकट मिळतो. माझी मुले त्याचा आवाज इतक्या वेगाने लावतात, की मला एक शब्द कळत नाही. फोनने पानाचा फोटो काढला की अक्षरे ओळखली जातात. तरी माणसाचे काम संपलेले नाही, फक्त जागा बदलली आहे. मराठी छपाईतली जोडाक्षरे यंत्र भलतीच ओळखते. शिवाय आपल्याकडच्या कित्येक नोट्स युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप झालेल्या आहेत, त्या डोळ्यांना मराठी दिसतात आणि पडदावाचकाला इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती निस्तरायला, ओळीमागून ओळ मूळ पानाशी ताडून पाहायला एक सावध विद्यार्थी लागतो. कर्णबधिर मुलांसाठी तासाची टिपणे काढणारा लागतो, आणि स्वतःला समजेल तेवढेच लिहिणारा चालत नाही. वर्गात कोणी काय विचारले आणि सगळे कशाला हसले, हेही त्यात लागते. ही कामे शिकवावी लागतात. पहिल्या आठवड्यात मी नव्या मुलांना अक्काचे नियम सांगते, जांभईच्या नियमासकट.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या विद्यापीठाच्या अशाच कक्षात तासावर काम करू लागला. तो दुसऱ्यासाठी वर्गाची टिपणे काढतो, पण ती कुणासाठी हे त्याला सांगितले जात नाही. ते गोपनीय असते. ऐकून मला आधी हेवा वाटला. मग वाटले, असे असते तर मला अक्का भेटलीच नसती. त्या देशात हे आपोआप झालेले नाही. बर्कलीच्या विद्यापीठात १९६२ साली एड रॉबर्ट्स नावाचा पोलिओने मानेखाली लुळा पडलेला तरुण दाखल झाला, तेव्हा त्याला राहायला वसतिगृहात जागा नव्हती म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात ठेवले होते. त्याच्यामागून आलेल्या तशाच मुलांनी मिळून १९७० साली तिथे स्वतःचा सहायता कार्यक्रम सुरू केला. त्यातला मला भावलेला भाग असा, की मदतनीस कोण हवा, तो कसा हवा आणि नको असेल तर कधी काढायचा, हे ती मुले स्वतः ठरवत. म्हणजे खुर्चीत बसलेला मुलगा लाभार्थी राहिला नाही, मालक झाला. आपल्याकडे लाभार्थी हा शब्द सरकारी कागदांनी इतका घट्ट चिकटवला आहे, की तो काढायला गेले तर कातडी सोलते.

मी एवढेच केले, की आमच्या कक्षासाठी वेगळा तक्ता छापून घेतला. त्यात ‘वाचन’, ‘लेखन’, ‘टिपणे’ आणि ‘मजकूर दुरुस्ती’ असे रकाने आहेत. लेखा विभागातल्या भाऊंनी पहिल्यांदा विचारले होते, “वाचन म्हणजे नेमकं काय काम, मॅडम? वाचतात तर सगळेच.” त्यांना मी एक दुपार कक्षात बसवून घेतले, त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारले नाही. तक्त्याच्या शेवटी एक सही माझी असते. तिच्या आधी, ज्याच्यासाठी काम झाले त्या विद्यार्थ्याची सही असते, आणि त्याच्या सहीशिवाय तास मंजूर होत नाहीत.

गेल्या महिन्यात प्रथम वर्षाचा एक मुलगा तक्ता घेऊन तणतणत आला. त्याने चौदा तास भरले होते आणि ज्याला तो वाचून दाखवतो त्या तृतीय वर्षाच्या अंध मुलाने चौदा खोडून बारा केले होते. “मॅडम, मी ह्याला मदत करालोय आणि हा माझेच पैसे कापालाय,” असे त्याचे म्हणणे होते. मी अंध मुलाला बोलावून विचारले. त्याने फोनमधली आपली नोंद ऐकवली, तारखा आणि वेळांसकट, आणि म्हणाला, “दोन तास ह्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. वाक्य मधीच तुटायचं, परत मागून सुरू व्हायचं. मला दिसत नाही, पण ऐकू येतंय की.” पहिला मुलगा लाल झाला. तो म्हणाला, अर्धा तास मान्य, दोन नाही. आईचा फोन आला होता, तो घ्यायला नको का?

मला अम्माचा दुसरा प्रश्न आठवला. मी दोघांना म्हटले, हा हिशेब तुमचा आहे, बाहेर जाऊन मिटवा.

ते दोघे व्हरांड्यात कडुनिंबाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. खिडकीतून मला त्यांचे हातवारे दिसत होते. एकदा आवाज चढला, एकदा दोघे हसले, मग पुन्हा आवाज चढला. बाहेर ऊन रणरणत होते. अर्ध्या तासाने तक्ता माझ्या टेबलावर आला. बारा खोडून साडेबारा केले होते, आणि खोडलेल्या जागी दोघांच्याही सह्या होत्या.